दादाची नोकरी गेली, आणि ती पुण्यात आली

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा नुसती वाचायला येते. पण दिवाळीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल.

माझा आतेभाऊ, आम्हा सगळ्या भावंडांचा दादा, १९९९ साली वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना जुन्या संगणकांची तारीख चुकू नये म्हणून चाललेल्या, कामावर अमेरिकेला गेला. आत्याचं घर नाशिकला पंचवटीत. त्याला सोडायला आम्ही दोन जीपा भरून सहार विमानतळावर गेलो होतो. मी तेव्हा सहावीत. पुढे तो टेक्सासमध्ये स्थिरावला, तिथला नागरिक झाला, आता मुलगी कॉलेजात आहे. एका विमा कंपनीत चौदा वर्षं डेटाबेस सांभाळत होता. रात्री-अपरात्री सर्व्हर बसला की फोन यालाच.

दोन वर्षांपूर्वी त्या कंपनीने पुण्यात स्वतःचं केंद्र उघडलं. या सप्टेंबरात दादाच्या टीमला बोलावून सांगितलं की डेटाबेसचं सगळं काम पुण्याला जाणार. आठ आठवडे केटी द्यायची, म्हणजे आपलं काम पुढच्याला शिकवायचं. केटी पूर्ण झाल्याची सही पडली तरच नोकरी सुटल्याची भरपाई.

आता माझं. मीही हेच काम करते, दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रासाठी. तीन दिवस पाथर्डी फाट्यावरच्या घरातून, दोन दिवस पुण्याला. माझी ही नोकरी २०१९ मध्ये ओहायोहून आली. तिकडच्या एका बाईंनी मला सहा आठवडे केटी दिली होती.

भाऊबीजेच्या दिवशी दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'मी ज्यांना शिकवतोय ती सगळी मुलं आपल्याच आडनावांची आहेत. त्यांच्यावर राग काढता येत नाही आणि न काढता झोप लागत नाही.' यावर माझ्या सख्ख्या भावाने उत्तर टाकलं, 'दादा, ९९ ला तू गेलास तेव्हाही तिकडे कुणाची तरी गेलीच असेल ना?' दादा ग्रुप सोडून गेला. आत्या तेव्हापासून आमच्याकडे फिरकलेली नाही. सत्तर वर्षांची बाई, दर गुरुवारी यायची.

भावाचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही, आणि दादाचंही. दादाचा पगार वर्षाला एक लाख अठरा हजार डॉलर होता, आजच्या भावाने एक कोटीच्या वर. माझा एकवीस लाख. काम तेच, जबाबदारी तीच, रात्रीचा फोन तोच. मधले ऐंशी लाख ना त्याच्याकडे राहिले, ना माझ्याकडे आले. तरी भांडण आमच्या दोघांच्या घरात.

तुम्हाला काय वाटतं? 'जग असंच चालतं' हे उत्तर कृपया नको. ते मला ऑफिसात ऐकायला मिळतं.

उन्हाळकांदा
ताई, वाचून गलबललो. सवडीने लिहितो. बाजार समितीत आहे.

डॅलसचा_नाशिककर
तुमच्या दादांच्याच राज्यातून लिहितोय. मूळचा सिडकोचा, इथे बावीस वर्षं झाली.

तुमच्या भावाच्या बोलण्यात एक गल्लत आहे. १९९९ ला जे आले ते इथे माणसं पुरत नव्हती म्हणून आले. वायटूकेसाठी कोबोल या जुन्या संगणकी भाषेतले प्रोग्रॅम तपासायला हात कमी पडत होते. म्हणून तर अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाची, म्हणजे बाहेरच्या कुशल माणसांना इथे नोकरी करू देणाऱ्या परवान्याची, वर्षाला ६५ हजारांची मर्यादा तात्पुरती वाढवून १९९९ आणि २००० साठी १ लाख १५ हजारांवर, आणि पुढे २००१ ते २००३ साठी १ लाख ९५ हजारांवर नेली होती. तेव्हा कुणाची नोकरी गेलीच नाही असं मी म्हणत नाही. पण 'हा माणूस बसलाय, याच्या शेजारी दुसरा बसवा, शिकून झालं की याला उठवा', हा प्रकार नंतरचा.

त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण डिस्नेचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑरलँडोच्या सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना नोटीस मिळाली. नव्वद दिवस थांबून बदली माणसांना शिकवलं तरच ठरलेला बोनस. शिकणारे बहुतेक आपले. २०१५ मध्ये बातमी फुटली तेव्हा ऑफिसातले माझे अमेरिकन सहकारी माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, पण जेवायला हाक मारेनात. मी त्यातल्या कुणाचं काही घेतलं नव्हतं. ते दिवस मी विसरलेलो नाही.

आता सप्टेंबर २०२५ पासून नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय. आमच्या इथे काहींना आनंद झाला की आता नोकऱ्या वाचतील. पण माणूस आणणं महाग झालं की कंपनी कामच उचलून नेते. दादांच्या बाबतीत तर एकही माणूस अमेरिकेत आला नाही. टेबल इथून उचललं आणि पुण्यात ठेवलं. व्हिसाचा कुठलाही नियम त्याला आडवा जात नाही.

रातराणी
गोदाकाठची, तुझा धागा वाचून मी ऑफिसच्या गाडीत बसल्या बसल्या टाइप करतेय.

मी २००६ ला नाशिकमध्ये कॉल सेंटरला लागले. आईवडिलांना मुलीने रात्री कामाला जाणं पसंत नव्हतं. पण गाडी दारात येते, पहाटे दारात सोडते आणि महिन्याला साडेआठ हजार मिळतात हे बघून वडील गप्प झाले. त्या पैशातून धाकट्या बहिणीचं डीएड झालं. हे मला आधी सांगायचंय. कारण या विषयावर बोलताना लोक आम्हाला चोर तरी ठरवतात नाहीतर बिचाऱ्या तरी.

पलीकडून शिव्या यायच्या. एकदा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, 'बाळ, तुझ्यावर राग नाही, पण माझी सून याच कंपनीत याच फोनवर होती.' मला स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर दिलेलं नव्हतं. मी 'सॉरी सर' म्हटलं आणि पुढे त्यांचं बिल दुरुस्त केलं.

मग २०१०-११ च्या सुमाराला आवाजी काम भराभर फिलिपिन्सला जायला लागलं. आमच्या मजल्यावरच्या ऐंशी खुर्च्या दोन महिन्यांत रिकाम्या झाल्या. मला मनिलाच्या चार मुलींना शिकवायला बसवलं. त्यातली एक गरोदर होती, आणि तिला ही नोकरी मिळाल्याचा इतका आनंद झाला होता की मला काही लपवून ठेवावंसं वाटलं नाही. सगळं शिकवलं. मी नंतर बॅक ऑफिसला गेले म्हणून वाचले. माझ्या सात मैत्रिणी घरी बसल्या, त्यातल्या पाच कायमच्या.

तुझ्या दादाला सांग, आम्हीही त्या खुर्चीत बसून आलोय.

अंतिमवर्ष
मी नाशिकच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. सर्वांचा आदर ठेवून लिहितो. एक कोटीचे एकवीस लाख झाले याचं दुःख मला कळतं, पण आमच्या कॅम्पसला जी ऑफर येते ती साडेतीन लाखांची. आमचे सर सांगतात की ते २०१० च्या आसपास पास झाले तेव्हाही तीन-सव्वातीनच होती. तेव्हाच्या आणि आताच्या घरभाड्याचा फरक तुम्हीच काढा. शिवाय ऑफर हातात असूनही रुजू व्हायची तारीख येत नाही. माझ्या मोठ्या भावाने चौदा महिने वाट पाहिली.

बाहेरचं काम इकडे यायचं बंद झालं तर आमच्यासारख्यांना आहे ते दारही बंद. अमेरिकेत बाहेर काम देणाऱ्या कंपन्यांवर २५ टक्के कर लावायचं विधेयक सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलंय. ते वाचलं त्या दिवशी वर्गात कुणाचं लक्ष नव्हतं.

सिन्नरफाटा
अंतिमवर्षशी सहमत. काम कुठून आलं हे बघायची चैन आपल्याला नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
सिन्नरफाटा, 'चैन' हा शब्द मला लागला. मी सातपूर आणि अंबड एमआयडीसीत मिळून चौतीस वर्षं काम केलं. माझं ऐका.

तुम्ही आयटीवाले समजता हे तुमच्याकडेच झालं. आमच्याकडे हे समुद्र न ओलांडता झालं. २००३ मध्ये केंद्राने उत्तरांचल (आताचं उत्तराखंड) आणि हिमाचलला उद्योगांसाठी करसवलती दिल्या. त्यानंतर महाराष्ट्रातल्या भल्याभल्या कारखान्यांनी पंतनगर-रुद्रपूरला प्लांट टाकले. आमचा मालकही गेला. नाशिकची एक लाइन उचलायची ठरली. मी टूलरूममध्ये जिग-फिक्श्चर बघायचो. साहेबांनी मला तीन महिने तिकडे पाठवलं, पोरं तयार करायला.

तराईतली शेतकऱ्यांची पोरं. पहिल्याच दिवशी वाकून पाया पडली. मायक्रोमीटर धरायला शिकवलं, मग डायल लावायला, मग जॉबचा, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याचा, आवाज ऐकून टूल बोथट झालंय हे ओळखायला. हे शेवटचं कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं. ते शिकवू नकोस, असं नाशिकहून युनियनचे लोक फोनवर सांगायचे. तेवढं मागे ठेवलंस तर महिनाभरात तुला परत बोलावतील. मी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी एका पोराचं बोट जाता जाता वाचलं, कारण त्याला तो आवाज ओळखता आला नव्हता. मग मी सगळं शिकवलं.

परत आलो तेव्हा माझ्या टेबलावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद होता. स्वेच्छा कुणाची ते विचारू नका. बायकोने तीन वर्षं पापड लाटले. मी अंबडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर लागलो, निम्म्या पगारावर, मी शिकवलेल्याच एका माणसाच्या हाताखाली. तो मला कायम काका म्हणाला, हे त्याचं मोठेपण.

त्या तराईच्या पोरांवर माझा राग कधीच नव्हता, आजही नाही. त्यातला एक अजून दिवाळीला फोन करतो. राग एका गोष्टीचा आहे. मला कुणी आधी विचारलं नाही आणि आधी सांगितलं नाही. सहा महिने आधी सांगितलं असतं तर मी सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग शिकून बसलो असतो. तेव्हा सत्तेचाळीसचा होतो, डोकं चालत होतं.

गोदाकाठची, तुझ्या दादाला त्यांनी आधी सांगितलं का? किती आधी?

गोदाकाठची
काका, आठ आठवडे. आणि त्याच आठ आठवड्यांत केटी. सकाळी सातपासून पुण्याच्या वेळेला जुळवून बसायचं, मग दिवसभराचं काम. नवी नोकरी शोधायला वेळ कुठून आणायचा?

रातराणी
काका, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली.

अर्थात
धाग्यात थोडी मागची माहिती घालतो, कारण हा वाद अमेरिकेत बराच जुना आहे.

२००२ मध्ये न्यू जर्सीत उघडकीला आलं की सरकारी मदत घेणाऱ्या गरीब कुटुंबांचे फोन मुंबईत घेतले जातात. म्हणजे नोकरी नाही म्हणून मदत घेणाऱ्या बाईच्या फोनची नोकरीच राज्याबाहेर. तिथल्या सिनेटर शर्ली टर्नर यांनी सरकारी कंत्राटाचं काम देशाबाहेर जाऊ नये म्हणून विधेयक आणलं. ते काम पुढे न्यू जर्सीतल्याच कॅमडेनला परत आणलं गेलं आणि राज्याला त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागले. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅन्क्यू यांनी बाहेर काम देणं हा व्यापाराचाच एक प्रकार आहे आणि दीर्घकाळात तो देशाच्या फायद्याचा असेल, अशा अर्थाचं विधान केलं. निवडणुकीचं वर्ष होतं, त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांच्यावर तुटून पडले.

अर्थशास्त्र म्हणून मॅन्क्यू फार चुकले होते असं मला वाटत नाही. काम स्वस्तात झालं की वस्तू आणि सेवा स्वस्त होतात, दोन्ही देशांचं एकूण उत्पन्न वाढतं. भारताच्या आयटी उद्योगात आज पन्नास लाखांहून जास्त माणसं आहेत आणि तो मध्यमवर्ग आकाशातून पडलेला नाही. पण 'एकूण' या शब्दात गोम आहे. एकूण वाढलेल्यातून ज्याचं गेलं त्याला काहीतरी द्यावं, हे त्याच पुस्तकातलं पुढचं पान आहे आणि ते कुणी उलटत नाही. अमेरिकेत त्यासाठी योजना होती. परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता, १९६२ पासून. पण ती वस्तू बनवणाऱ्या कामगारांपुरती. सॉफ्टवेअर म्हणजे 'वस्तू' आहे का यावर प्रोग्रॅमर लोकांना भांडावं लागलं. २००९ मध्ये सेवांचा समावेश झाला. आणि १ जुलै २०२२ पासून ती योजना नव्या लोकांसाठी बंदच पडली. म्हणजे दादांच्या वेळेला काहीच उरलं नव्हतं.

आणखी एक. काम कुठे ठेवायचं हे फक्त पगारावर ठरत नाही, करावरही ठरतं. अमेरिकेच्या २०१७ च्या कायद्याने २०२२ पासून संशोधन-विकासाचा, म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याचाही, देशातला खर्च पाच वर्षांत आणि परदेशातला पंधरा वर्षांत विभागून करपात्र उत्पन्नातून वजा करायला लावला. २०२५ मध्ये देशातल्या खर्चाला पूर्वीसारखी लगेच वजावट मिळाली, परदेशातल्याला पंधरा वर्षंच राहिली. तरी पुण्या-बंगळूरला केंद्रं उघडतच आहेत. यावरून पगारातला फरक केवढा आहे ते समजा.

उन्हाळकांदा
आता सवड मिळाली. अर्थात यांनी 'वस्तू स्वस्त होतात' लिहिलं, तिथून सुरू करतो.

मी निफाड तालुक्यातला. कांदा आणि थोडी द्राक्षं. डिसेंबर २०२३ मध्ये शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून निर्यातबंदी आली. आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क, मग टनाला ८०० डॉलरची किमान किंमत, आणि मग सरळ बंदी. मे २०२४ पर्यंत. बंदी आली त्या दिवशी लासलगावला लिलाव बंद पाडले, आम्ही रस्त्यावर होतो. एकूण देशाचा फायदा झाला असेल. माझ्या ट्रॉलीचा नाही झाला.

म्हणून मला दादांचं दुखणं कळतं. त्यांचंही गिऱ्हाईक खूश आहे, सरकारचा आकडा चांगला आहे, कंपनीचा शेअर वर आहे. बंदीचा निर्णय दिल्लीत, लिलाव आमच्या दारात. त्यांचा निर्णय मुख्य कार्यालयात, केटी त्यांच्या टेबलावर.

पण अंतिमवर्ष, तुझंही कळतं. आमची निर्यात बंद पडली की आखाताला पाकिस्तानचा कांदा जायचा. तिथला शेतकरी माझ्यासारखाच, त्याच्याही पोरीचं लग्न असेल. त्याच्यावर चिडून माझा भाव वाढत नव्हता. मी चिडायचो तरी. बायको म्हणायची, फेसबुकवर त्याला शिव्या देण्यापेक्षा चाळीतला सडका कांदा निवडायला ये.

पिकाच्या नुकसानीला निदान पंचनामा तरी होतो. तलाठी येतो, कागदावर लिहितो, पैसे येवोत न येवोत. तुमच्या नोकरीचा पंचनामा कोण करतं?

डॅलसचा_नाशिककर
उन्हाळकांदा, इथे १९८८ चा वॉर्न नावाचा कायदा आहे. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने मोठी कपात करताना साठ दिवस आधी नोटीस द्यायची. म्हणजे त्या आठ आठवड्यांवर फार तर चार दिवस. आणि एका ठिकाणाहून पन्नासपेक्षा कमी माणसं काढली तर बहुतेक वेळा तोही लागू होत नाही. कंपन्या सोळा-सोळा, वीस-वीस करून काढतात.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
आपल्याकडे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शिवाय पुन्हा शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांच्या पगाराचा निधी. पण आयटीतली बहुतेक पोरं स्वतःला कामगार म्हणवून घेत नाहीत, आणि एचआरने बोलावून राजीनामा लिहून घेतला की कपात ही कपात राहतच नाही. अंतिमवर्ष, कुणी काहीही म्हणो, राजीनाम्यावर सही करताना एक दिवस मागून घे. घरी ये, कुणाला तरी दाखव.

अंतिमवर्ष
लक्षात ठेवतो, काका. आणि माझ्या पहिल्या पोस्टमधला 'आहे ते दार' हा सूर थोडा चुकला. मला दादांशी भांडायचं नव्हतं.

सिन्नरफाटा
काका, 'चैन' मागे घेतो.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. काका, तुमची पोस्ट मी दादाला पाठवली. विचारून पाठवायला हवी होती, राहून गेलं, माफ करा.

रविवारी रात्री आठला त्याचा फोन आला, तिकडे सकाळचे साडेआठ. आधी पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'त्या काकांना तो आवाज ओळखायला शिकवावा लागला. माझ्याकडेही असे चार आवाज आहेत आणि मी ते शिकवलेले नाहीत.' एक जॉब, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारं काम, आहे, तिमाहीच्या शेवटी तो हाताने थांबवावा लागतो, नाहीतर विम्याचे हप्ते दोनदा कापले जातात. कागदावर कुठेच नाही. तो गप्प बसला होता. मी त्याला सांग किंवा सांगू नकोस असं काही म्हटलं नाही. मला तो अधिकार नाही.

पण मला एकदम ओहायोच्या त्या बाई आठवल्या. शेवटच्या दिवशी, साइन-ऑफ झाल्यावर, रेकॉर्डिंग बंद केल्यावर त्यांनी मला असंच एक सांगितलं होतं. महिनाअखेरीची एक खोच. त्या एका वाक्याने गेल्या सहा वर्षांत मला निदान दहा वेळा वाचवलंय. आणि मी त्यांना पुढे काय करणार हे विचारलंसुद्धा नव्हतं. सहा आठवडे रोज दोन तास समोर बसून. मला भीती वाटत होती की विचारलं तर रडतील, आणि मला काय बोलावं ते सुचणार नाही.

हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, 'माझ्यासमोरच्या पोरांनीही नाही विचारलं. मला वाटलं, माज आहे.'

तर आता जे ठरलंय ते लिहिते. येत्या मंगळवारपासून आमच्या टीमकडे आणखी एक काम येतंय, पुन्हा अमेरिकेतून, तीन माणसांचं. मी मॅनेजरला लेखी कळवलंय की सहाऐवजी दहा आठवडे लागतील. हे खोटं नाही, घाईत घेतलेल्या केटीचं आम्ही वर्षभर निस्तरत असतो. आणि पलीकडच्यांना रोजच्या वेळातले दोन तास नोकरी शोधायला मोकळे मिळावेत असंही लिहिलंय. पहिला मुद्दा मान्य झालाय. दुसऱ्यावर 'बघू' असं उत्तर आलंय, मी पुन्हा विचारणार आहे.

पहिल्या बैठकीत काय विचारायचं ते मी दादाकडूनच लिहून मागितलं. काल रात्री त्याने अकरा प्रश्न पाठवले. दहा डेटाबेसचे आहेत. पहिला असा आहे: 'तुमचा शेवटचा दिवस कोणता, आणि तो तुम्हाला कुणी, कधी सांगितला?'

आत्या गुरुवारी येते म्हणाली आहे.